एकच शहर पाहायचे तर?

समजा, तुम्हांला चीनला जाण्याची संधी मिळाली. पण सवड मात्र चारच दिवसांची आहे. चीन हा आपल्या देशाच्या जवळजवळ तिप्पट मोठा देश. चार दिवसांत तेथील एखादेच शहर नीट पाहून होईल. मग कोणते निवडाल? बीजिंग, शीआन की च्वानचौ?

बहुतेक लोक बीजिंगचे नाव घेतील. ते राजधानीचे शहर आहे. तेथील बादशाही राजवाडा बांधायला १४०६ साली सुरुवात झाली आणि १४२० साली तो पुरा झाला. मिंग आणि छिंग या दोन घराण्यांच्या २४ बादशहांचा हा राजवाडा. सामान्य माणसाला आत जायला बंदी होती, म्हणून त्याला 'निषिद्ध नगरी' असे नाव पडले. शेवटचा बादशहा फू यी याला १९२४ साली राजवाडा सोडावा लागला. पुढच्याच वर्षी तेथे संग्रहालय सुरू झाले. आता तिकीट काढून कोणीही आत जाऊ शकतो. राजवाड्याचा विस्तार ७२ हेक्टर आहे. एक चौक ओलांडला, की दुसरा येतो. पाय दुखू लागतात, पण चौक संपत नाहीत! शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवर बादालिंग येथे चीनची प्रसिद्ध भिंत पाहता येते. म्हणजे दोन दिवस यातच गेले.

बीजिंगमध्ये एक गोष्ट मात्र आता पाहायला मिळत नाही. ती म्हणजे शहराभोवतीचा जुना तट. लिआंग सिचंग या स्थापत्यतज्ज्ञांनी १९५० साली सुचवले होते, की तट पाडू नका. त्यावर बाग करा, लोकांना बसायला बाके ठेवा. त्यांचे म्हणणे कोणी मानले नाही. १९५० ते १९७० या काळात बहुतेक सर्व तट पाडला गेला. आज त्याच मार्गाने जमिनीखालून रेल्वे धावते. तिच्या स्थानकांची नावे ऐका : शुआनवुमेन, छोंगवेनमेन, फुछंगमेन. 'मेन' म्हणजे दरवाजा. दरवाजे बहुतेक गेले, नावे राहिली. आपल्या मुंबईच्या चर्चगेट स्थानकाचेही असेच आहे.

तटाचा सुमारे दीड किलोमीटरचा तुकडा मात्र वाचला. पुढे त्याची डागडुजी करायचे ठरले, तेव्हा जुन्या विटा हव्या होत्या. तट पाडताना लोकांनी त्या घरे बांधायला नेल्या होत्या. अशा अनेकांनी आपल्याकडच्या विटा परत आणून दिल्या.

आता शीआनकडे वळू. बीजिंगहून जलद रेल्वेने निघाले, की पाच-सहा तासांत आपण येथे पोहोचतो. येथील तटही पाडला जाण्याची भीती होती. परंतु १९६१ साली त्याला राष्ट्रीय संरक्षण मिळाले आणि तो वाचला. मिंग घराण्याच्या काळात, चौदाव्या शतकात बांधलेला हा तट सुमारे १२ मीटर उंच आहे. त्याचा माथा एवढा रुंद आहे, की तेथे भाड्याने सायकली मिळतात! पूर्ण फेरी जवळजवळ १४ किलोमीटरची होते. सायकल चालवता चालवता एका बाजूला जुन्या शहराची कौले दिसतात, तर दुसऱ्या बाजूला नव्या उंच इमारती. लिआंग यांनी बीजिंगसाठी जे मागितले होते, तसेच काहीसे येथे पाहायला मिळते.

शीआनचे जुने नाव चांगआन. तांग घराण्याची ही राजधानी आजच्या तटापेक्षा कितीतरी मोठी होती. युआन श्वांग हा भिक्षू येथूनच भारतात आला. त्याने महाराष्ट्रही पाहिला. तेव्हा येथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. येथील लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. (हे वाचून आपल्याला थोडेसे हसू येते आणि थोडासा अभिमानही वाटतो.) ६४५ साली तो ६५७ ग्रंथ घेऊन चांगआनला परतला. ते ग्रंथ ठेवण्यासाठी ६५२ साली बांधलेला आणि पुढे पुन्हा उभारलेला विटांचा मनोरा आजही उभा आहे.

शीआनची खरी प्रसिद्धी मातीच्या सैनिकांमुळे झाली. १९७४ साली शेतकरी विहीर खणत होते. पाण्याऐवजी त्यांना मातीच्या पुतळ्यांचे तुकडे सापडले. पुढे उत्खनन झाले, तेव्हा कळले, की पहिला सम्राट छिन शी ह्वांग याच्या कबरीच्या रक्षणासाठी पुरलेले हे सैन्य आहे. पुतळे सुमारे आठ हजार असावेत. प्रत्येकाचा चेहरा निराळा वाटतो. मात्र गर्दी फार असते आणि कठड्यामागून, दुरूनच पाहावे लागते.

मला विचाराल, तर शीआनमध्ये सैनिकांपेक्षा तेथील हुई मुसलमानांची वस्ती अधिक पाहण्यासारखी आहे. अरुंद गल्ल्यांतून वाट काढत आपण मोठ्या मशिदीत येतो. तेथे घुमट नाही. मिनाराच्या जागी अष्टकोनी लाकडी मनोरा आहे. निळी कौले, झाडे, एकामागून एक चौक. पाहणाऱ्याला वाटावे, की हा चिनी राजवाडाच आहे. चीनमधली मंदिरे बहुधा दक्षिणेकडे तोंड करून असतात. ही मशीद मात्र पूर्व-पश्चिम बांधली आहे; कारण चीनमधून मक्का पश्चिमेला येते.

याच वस्तीत 'पाओमो' मिळते. दुकानदार रिकामा वाडगा आणि जाड रोटी आपल्यासमोर ठेवतो. रोटीचे वाटाण्याएवढे तुकडे आपणच करायचे. मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या गरम रश्शाने भरून परत येतो. आपल्याकडे रश्शात भाकरी कुस्करतात ना, तसाच हा प्रकार. घाईने मोठे तुकडे केले, तर रस्सा नीट मुरत नाही.

च्वानचौ हे दक्षिणेकडचे बंदर. अरब खलाशी त्याला 'झैतून' म्हणत. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. महंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनला निघालेला इब्न बतूता चौदाव्या शतकात येथे उतरला. त्याने लिहिले, की नाव झैतून असले, तरी या शहरात झैतून नाही! च्वानचौमध्ये १००९ साली स्थापन झालेली दगडी मशीद आहे. कायुआन मंदिराच्या दोन खांबांवर कृष्णकथेतील प्रसंग कोरलेले आहेत. व्यापाऱ्यांबरोबर माणसेच नव्हे, तर कथाही समुद्र ओलांडून आल्या. २०२१ साली युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. ज्याला समुद्र आणि जहाजे आवडतात, त्याने खुशाल येथे जावे. शांघायचे ६३२ मीटर उंच टॉवर पाहायला मात्र एक संध्याकाळ पुरते.

तेव्हा चार दिवसच असतील, तर मी शीआन निवडीन. एक दिवस तटाला, एक सैनिकांना, एक मनोऱ्याला आणि एक त्या गल्ल्यांना. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. पण ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळावा. तेव्हा चीनमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते आणि सायकल मिळायलासुद्धा रांग लावावी लागते.