क्लोरीनयुक्त जलतरण तलाव आणि सुगंधद्रव्यांचा वापर

नियमित पोहणाऱ्यांच्या अंगाला येणारा उग्र वास झाकण्यासाठी सुगंधद्रव्ये वापरण्याची प्रवृत्ती आढळते. तिचा रासायनिक दृष्टीने विचार होणे आवश्यक आहे.

पाण्यात क्लोरीनपासून तयार होणारे हायपोक्लोरस आम्ल जंतूंचा नाश करते. घाम व मूत्र यांतील नायट्रोजनयुक्त संयुगांशी त्याची अभिक्रिया होऊन क्लोरामाइने निर्माण होतात. तलावाचा परिचित वास प्रामुख्याने त्यांचाच असतो. त्यांपैकी ट्रायक्लोरामाइन हवेत मिसळून डोळे व श्वसनमार्ग यांचा दाह करते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बंदिस्त तलावांवरील हवेत त्याची मर्यादा दर घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम सुचविली.

पोहण्यापूर्वी लावलेले अत्तर पाण्यात उतरते. त्यातील सेंद्रिय संयुगांवर काही क्लोरीन खर्ची पडतो व जंतुनाशासाठी तो तेवढा कमी उरतो. पोहल्यानंतर त्वचेवरील नैसर्गिक तेल घटलेले असते. अशा कोरड्या त्वचेवर अल्कोहोलयुक्त सुगंधद्रव्य चुरचुरते आणि फार काळ टिकत नाही.

सारांश, तलावात उतरण्यापूर्वी व बाहेर आल्यावर साबणाने स्नान करावे, त्वचेला तेल वा मलम लावावे आणि अत्तर कपड्यांवरच वापरावे. तलावाचा उग्र वास हा पाण्याच्या अस्वच्छतेचा इशारा होय. तो सुगंधाने झाकणे हिताचे नाही.