रात्रीचा ड्रायव्हर, दिवसाची झोप

आपल्या बुलढाणा जिल्ह्याने 2023 साली तीन रात्री पाहिल्या. 1 जुलैला सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर ट्रॅव्हल्सची बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. 29 जुलैला मलकापूरला दोन खासगी बसची टक्कर झाली, 6 जण दगावले. 15 ऑक्टोबरला सैलानी बाबांच्या दर्ग्याची जियारत करून नाशिककडे निघालेली मिनी बस वैजापूरजवळ ट्रकवर आदळली, त्यात 12 जण गेले. टायर, दारू, डुलकी, रस्त्यात थांबवलेला ट्रक, अशी कारणांची चर्चा पुष्कळ झाली. त्याचा निवाडा करायला आम्ही बसलेलो नाही. घड्याळ मात्र पाहा: सिंदखेड राजा दीडच्या सुमारास, मलकापूर अडीच-तीनच्या, वैजापूर साडेबाराच्या.

इंग्लंडमधील लॉफबरो विद्यापीठात झोपेचा अभ्यास करणारे जिम हॉर्न आणि त्यांच्या सहकारी लुईस रेनर यांनी झोपेमुळे झालेल्या अपघातांच्या वेळा तपासल्या. 1995 मध्ये त्यांनी दाखवले की असे अपघात रात्री दोनच्या सुमारास, सकाळी सहाच्या सुमारास आणि दुपारी चारच्या सुमारास जास्त होतात. शरीराच्या आत एक घड्याळ आहे. वर्षानुवर्षे रात्रपाळी केली तरी ते सहसा पूर्ण उलटे होत नाही. म्हणून ‘मला सवय आहे’ हे ड्रायव्हरचे बोलणे खरे धरू नये.

दुसरा शोध आपल्या घरांना जास्त लागू पडतो. ऑस्ट्रेलियाचे मानसशास्त्रज्ञ ड्रू डॉसन यांनी 1997 मध्ये जागरण आणि दारू यांची तुलना केली. सलग 17 तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांच्या चाचणीत रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतका चुकत होता. आपल्या कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे फजरला पाच वाजता उठून दिवसभर राबलेला, दारूला कधीही न शिवलेला आपला भाऊ रात्री दहानंतर गाडीवर बसला, तर त्याचे हात त्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखे चालू शकतात. नाक्यावरचे यंत्र त्याला पकडणार नाही.

खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी किंवा कव्वाली लावणे याचा उपयोग फार थोडा वेळ होतो, हेही हॉर्न-रेनर यांनी तपासले. उपयोगी पडली ती कॉफी आणि लगेच पंधरा मिनिटांची डुलकी, दोन्ही मिळून. अर्थात गाडी बाजूला सुरक्षित जागी लावून. आपल्याकडे कैलूल्याची सुन्नत आहेच. नमाजमध्ये झोप अनावर झाली तर आधी झोपून घ्या, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. मग स्टिअरिंगवर, मागे चाळीस जीव अमानत असताना?

कायदाही हे जाणत होता. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि दोन ड्युट्यांमध्ये नऊ तासांची सुट्टी ठरवून दिली होती. मालक किती पाळतात ते खामगाव-मलकापूरच्या ड्रायव्हरांच्या बायकांना विचारा.

खरी अडचण घरात आहे. रात्रपाळी करून आलेल्याची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा काही तासांनी कमी भरते, कारण उजेड आणि आवाज आहेच, शिवाय शरीर जागे होण्याच्या वेळेत असते. त्यात दोन खोल्यांचे घर, मिक्सर, मुलांचा मोबाइल, दारावर आलेले पाहुणे, ‘जरा बँकेत जाऊन या’. रमजानमध्ये तरावीह आणि सहरी यांमुळे उरलेली झोपही तुटते.

तेव्हा भगिनींनो, तो आला की खिडकीला जाड चादर लावा. फोन आपल्याकडे घ्या. शेजारणीला सांगायला लाजू नका. जोहरच्या नमाजला आपण उठवू, हे त्याला सांगा, म्हणजे तो निर्धास्त झोपेल. बँकेचे काम सुट्टीच्या दिवशी होईल.

आणि लग्नाला किंवा सैलानीला गाडी ठरवताना भाड्याबरोबर एक प्रश्न विचारा: भाऊ, काल किती वाजता झोपलात? उत्तर टाळले, तर मुक्काम करा किंवा दुसरी गाडी बघा. शंभर-दोनशे रुपये जास्त लागतील, वऱ्हाडातले मामू थोडे रागावतील.