ऋण काढून सण

लग्नसराई आली की मध्यमवर्गीय घरात दोन याद्या तयार होतात. पहिली निमंत्रितांची, ती चारचौघांत वाचली जाते. दुसरी देण्यांची, ती कपाटात कुलूपबंद राहते. आज आम्हांला या दुसऱ्या यादीविषयी लिहावयाचे आहे.

१८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हा रयत लग्नातील उधळपट्टीने बुडते, असे म्हणणारे शहाणे पुष्कळ होते. चौकशी आयोगाने मात्र या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, असा निर्वाळा दिला. सारावाढ, कापसाची मंदी आणि व्याजाचा फास यांनी कुणबी नागवला होता. त्याचे ऋण मुख्यतः पोटाचे होते. महिन्याच्या पहिल्या तारखेस पगार घेणाऱ्या आपल्या वर्गाचे लग्नऋण प्रतिष्ठेचे आहे, हे आपण प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

हिशेब साधा आहे. दरसाल १४ टक्के व्याजाने ५ लाख रुपये पाच वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे ११,६०० रुपयांचा हप्ता पडतो आणि अखेरीस जवळजवळ ७ लाख रुपये फेडावे लागतात. जेवणावळ एका दुपारी संपते. हप्ता मात्र साठ महिने दारात उभा राहतो. तेवढ्यात दुखणे आले वा नोकरी गेली, तर काय करावयाचे? अशा विनातारण कर्जांची वाढ पाहूनच रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचा जोखीमभार १०० वरून १२५ टक्क्यांवर नेला. बँकांना सावध करता येते. पण शेजाऱ्याच्या मांडवाकडे पाहून आपला मांडव उभारणाऱ्या मनाला कोण सावध करणार?

केवळ वधूपित्यास उपदेश करणे अन्यायाचे होईल. तो बहुधा हौसेने नव्हे, धाकाने खर्च करतो. 'लोक काय म्हणतील?' या प्रश्नातले लोक म्हणजे अखेर आपणच. म्हणून आरंभ वरपक्षाने आणि ऐपतदारांनी करावा. ज्याला परवडत नाही त्याच्या साधेपणास जग दारिद्र्य म्हणते. ज्याला परवडते त्याचा साधेपणा वळण होतो. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने अल्पखर्चाचे विवाह लावून दाखविले. दीडशे वर्षांनंतर सुशिक्षितांना तेवढे धैर्य होऊ नये काय?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण मुलांना शाळेत शिकवितो. त्यांच्याच लग्नात ते विसरू नये, एवढीच आमची विनंती आहे.