डिशवॉशर बिघडला की पाणी अडलं? घरच्या घरी तपासणी आणि निगा



सातवी-आठवीला विज्ञान शिकवताना मी मुलांना नेहमी सांगते, "आधी निरीक्षण, मग अनुमान." पण माझ्याच घरातला डिशवॉशर भांडी तेलकट सोडायला लागला तेव्हा मी निरीक्षण वगैरे काही केलं नाही. "यंत्र बिघडलं" असा निकाल देऊन मोकळी झाले. पंधरा दिवस त्या यंत्राचा उपयोग भांडी ठेवायचं कपाट म्हणून झाला. सासूबाई म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं, आपल्या फोडणीच्या कढयांना हे यंत्र पुरं पडायचं नाही." रात्री साडेनऊला पुन्हा सिंकपाशी उभं राहणं सुरू झालं आणि तपासायच्या वह्यांचा गठ्ठा वाढत गेला.

शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने खालची जाळी फिरवून बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली. भाताची शितं, मोहरी, कढीपत्त्याचे देठ, एक लिंबाची बी आणि सगळ्यावर चिकट तेलाचा थर! "मॅडम, ही शेवटची कधी धुतली होती?" त्याने विचारलं. खरं उत्तर होतं, "कधीच नाही." दहा मिनिटांचं काम, पण भेटीचे पैसे द्यावे लागले आणि पंधरा दिवस गेले ते वेगळेच.

त्या दिवसानंतर मी माहितीपुस्तिका नीट वाचली आणि एक सोपी पद्धत बसवली. ती आज तुमच्यासमोर मांडते.

यंत्र आत नेमकं काय करतं?

अमेरिकेतल्या जोसेफीन कॉक्रन यांनी १८८६ साली भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रं लोकांनी पाहिली. त्यांची मुख्य कल्पना अशी होती की भांडी तारेच्या कप्प्यांत ठेवायची आणि त्यांच्यावर पाण्याचा जोरदार मारा करायचा. आजचा डिशवॉशरही तेच करतो. आत घासणी नाही, ब्रश नाही. घासण्याचं काम पाण्याचा झोतच करतो.

अनेकांना वाटतं की दार बंद झालं की आतली पेटी पाण्याने काठोकाठ भरते. तसं होत नाही. तळाशी थोडंसं पाणी येतं, ते तापतं, पंप ते फिरत्या पात्यांतून भांड्यांवर फेकतो, पाणी खाली पडून जाळीतून गाळलं जातं आणि पंप तेच पाणी पुन्हा वर फेकतो. मळलेलं पाणी बाहेर टाकून नवं घ्यायचं, असं काही वेळा झालं की धुणं पूर्ण. म्हणूनच एका फेरीला साधारण १० ते १२ लिटर पाण्यात काम भागतं.

एवढं समजलं की तपासणीचं सूत्र आपोआप हाती येतं: पाण्याची वाट धरा. पाणी आत येतं, मऊ होतं, फेकलं जातं, गाळलं जातं, बाहेर जातं आणि शेवटी भांडी वाळतात. तक्रार कुठलीही असो, बहुतेक वेळा या वाटेवर कुठेतरी अडथळा सापडतो.

सुरुवात करण्याआधी यंत्र बंद करून प्लग काढा. गरम असेल तर थंड होऊ द्या. तळाशी काचेचा तुकडा असू शकतो, म्हणून नुसता हात घालू नका.

१. पाणी आत येत नाही

आधी नळ पूर्ण उघडा आहे ना, नळी मागे दबलेली किंवा मुडपलेली नाही ना, हे पाहा. नळाकडच्या टोकाला नळीत बारीक गाळणी असते. टाकी धुतल्यानंतर किंवा टँकरचं पाणी आल्यानंतर तिच्यात वाळू आणि गंज अडकतो. नळ बंद करून नळी सोडवा आणि गाळणी जुन्या टूथब्रशने साफ करा.

मग दाबाचा विचार करा. पाण्याची उंची १० मीटर असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. बऱ्याच यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापासून जेमतेम ३ मीटर उंच असेल, तर दाब ०.३ बारच्या आसपासच मिळणार. वरच्या मजल्यावर "पाणी येत नाही" ही तक्रार जास्त का असते, ते यावरून कळतं. तिथे यंत्राचा दोष नाही. दाब वाढवणारा छोटा पंप बसवणं हा त्यावरचा उपाय.

२. भांड्यांवर पांढरा थर

बोअरवेलच्या पाण्यावर राहणाऱ्यांना ही तक्रार ओळखीची असेल. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भांडी वाळताना मागे राहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतो. म्हणजे पिण्यायोग्य पाणीसुद्धा यंत्राच्या दृष्टीने चांगलंच कठीण असू शकतं.

यासाठी बहुतेक यंत्रांत पाणी मऊ करणारा कप्पा असतो. त्यातले राळेचे बारीक मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरून गेले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजेतवाने होतात. म्हणून तळाच्या कप्प्यात डिशवॉशरचं जाड मीठ घालायचं असतं. घरातलं बारीक मीठ घालू नका. त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळलेले पदार्थ असतात आणि त्याने कप्पा चोंदतो. मीठ भरताना बाहेर सांडलं तर लगेच एक फेरी चालवा, नाहीतर स्टीलवर गंजाचे ठिपके पडतात. आणि मीठ घातलं म्हणजे काम झालं असं नाही. आपल्या पाण्याचा कठीणपणा यंत्राला सांगावा लागतो. हे सेटिंग कसं करायचं ते पुस्तिकेत असतं.

काचेच्या ग्लासवर धुरकटपणा आला असेल तर एक छोटा प्रयोग करा. कापसाने त्यावर व्हिनेगर चोळा. डाग गेला तर तो क्षारांचा थर आहे, मीठ आणि सेटिंग तपासा. नाही गेला तर काचच झिजली आहे. ती पुन्हा चकचकीत होणार नाही. उरलेले ग्लास तरी कमी तापमानावर धुवा आणि पावडर मोजून घाला.

३. भांडी नीट निघत नाहीत

वरचं आणि खालचं फिरतं पातं हाताने फिरवून पाहा. एखादा लांब डाव किंवा उलथनं खाली डोकावत असेल, तर पातं अडतं आणि अर्धी भांडी कोरडीच राहतात. पात्याच्या भोकांत जिरं, मोहरी किंवा क्षार अडकले असतील तर टूथपिकने काढा आणि पातं नळाखाली धरा.

मग भांडी कशी लावली ते पाहा. कढई, पातेली, वाट्या यांची तोंडं खाली आणि झोताच्या दिशेला हवीत. एकात एक वाट्या बसवल्या तर आतल्या वाटीला पाणी लागणार कसं? मोठं ताट दारासमोर उभं केलं तर साबणाचा कप्पा उघडत नाही आणि गोळी तशीच राहते.

आधी खरकटं काढून टाका, पण भांडी विसळत बसू नका. नाहीतर पाणी वाचणार कसं? करपलेली कढई मात्र थोडी भिजवावीच लागते. तेलकट भांड्यांना जास्त तापमानाची फेरी द्या. पाणी वाचवणारी इको फेरी तीन-साडेतीन तास चालते, हा बिघाड नव्हे. सर्वांत जास्त वीज पाणी तापवायला लागते, म्हणून यंत्र पाणी कमी तापवतं आणि ते जास्त वेळ फिरवतं.

सिंकवर वापरतो तो भांड्यांचा साबण किंवा लिक्विड यात कधीही घालू नका. फेस झाला की पंप पाण्याऐवजी फेस ओढतो, झोत मरतो आणि दारातून फेस बाहेर येतो.

४. जाळी आणि वास

माझी चूक इथे झाली होती. जाळी फिरवून काढा, वाहत्या पाण्याखाली धरा, मऊ ब्रशने घासा आणि पुन्हा घट्ट बसवा. सैल बसली तर बिया थेट पंपात जातात. आपल्या फोडणीच्या स्वयंपाकाला आठवड्यातून एकदा हे काम हवंच. वास येत असेल तर दाराच्या रबराच्या कडा आणि दाराची खालची बाजू ओल्या फडक्याने पुसा. तिथे झोत पोचत नाही आणि तेल साठतं. दोन-तीन महिन्यांनी डिशवॉशर क्लीनर घालून रिकाम्या यंत्राची एक गरम फेरी चालवा.

५. तळाशी पाणी साचतं

जाळीखाली थोडं पाणी राहणं स्वाभाविक आहे. तळ भरून पाणी दिसलं तर आधी जाळी पाहा, मग सांडपाण्याची नळी. ती मुडपली आहे का? सिंकखाली जोडली असेल तर सिंकच तुंबलं नाही ना? उंदराने कुरतडली नाही ना?

याच नळीमुळे उलटी तक्रारही येते. नळी पुस्तिकेत सांगितलेल्या उंचीवरून न नेता जमिनीलगतच सोडली, तर सायफनच्या तत्त्वाने आलेलं पाणी लगेच निघून जातं. यंत्र पाणी घेतच राहतं आणि आपल्याला वाटतं, पाणी येतच नाही!

६. प्लास्टिक ओलं राहतं

स्टील आणि काच उष्णता धरून ठेवतात, त्यामुळे त्यांच्यावरचं पाणी उडून जातं. प्लास्टिकचे डबे लवकर थंड होतात आणि थेंब तसेच राहतात. हा दोष नाही. रिन्स एड घातलं की पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि थेंब घरंगळून जातात. फेरी संपल्यावर थोड्या वेळाने दार किलकिलं ठेवा.

हे आत घालू नका

लोखंडी तवा आणि कढई (गंजतात), अॅल्युमिनियमची भांडी (काळी पडतात), कल्हईची पितळी भांडी, लाकडी पोळपाट-लाटणं, थर्मासची बाटली. नॉनस्टिक असेल तर त्याच्यावरची सूचना वाचा. सुऱ्यांची टोकं खाली ठेवा. पावडर आणि गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. त्या तीव्र अल्कधर्मी असतात.

दुरुस्तीवाल्याला कधी बोलवायचं?

यंत्राखालून पाणी येणं, जळका वास, हात लावल्यावर झिणझिण्या, प्लग लावताच फ्यूज जाणं, पाणी अजिबात न तापणं. यांपैकी काही दिसलं तर स्वतः उघडू नका. प्लग काढा, नळ बंद करा आणि फोन करा. बऱ्याच यंत्रांत तळाच्या तबकात पाणी साचलं की तिथला तरंगता भाग वर उचलला जातो आणि यंत्र पाणी घेणं थांबवतं. हे आपल्या सुरक्षेसाठीच असतं. फोन करताना पडद्यावर दिसणारा आकडा लिहून ठेवा. "चालत नाही" एवढंच सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

निगेचं वेळापत्रक

रोज: खरकटं काढणं, पातं फिरतं का पाहणं.
दर आठवड्याला: जाळी धुणं, दाराचं रबर पुसणं.
दर महिन्याला: पात्यांची भोकं, मीठ आणि रिन्स एड तपासणं.
दोन-तीन महिन्यांनी: क्लीनरची गरम फेरी, नळाकडची गाळणी.
मे महिन्यात गावी जाताना: जाळी धुऊन, नळ बंद करून, दार किलकिलं ठेवणं.

वर्गासाठी एक प्रयोग

दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत आर.ओ.चं पाणी, दुसरीत बोअरवेलचं, दोन्ही समान. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाका, झाकण लावून २० वेळा हलवा आणि फेसाची उंची पट्टीने मोजा. कपड्यांची पावडर वापरू नका, ती कठीण पाण्यातही फेस करते. कठीण पाण्यात फेस कमी आणि साका जास्त, हे मुलं स्वतः पाहतील. मग विचारा, "घरी गिझर, कुकर, डिशवॉशर यांत हा साका आणि क्षार कुठे साठत असतील?"

पालकांना एक सुचवेन. तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला. जाळी धुतली, मीठ भरलं आणि पावडरही बदलली, तर गुण कशाने आला ते कळणार नाही. आमच्याकडे जाळीचं काम आता आठवीतल्या मुलाकडे आहे. दर रविवारी जाळीत काय सापडलं ते तो वहीत लिहितो. गेल्या महिन्यात त्याने लागोपाठ तीन रविवार "लिंबाच्या बिया" असं लिहिलं. तेव्हापासून ताटातलं लिंबू आम्ही आधी डब्यात टाकतो. आणि भांडी तेलकट निघाली की आता सासूबाईच विचारतात, "अरे, जाळी पाहिलीस का?"