बाकावर सापडलेलं छोटं कॉमिक: कोण ठेवतं, कसं बनतं आणि ठेवताना काय सांभाळायचं?

रेल्वे स्टेशनवर दर थोड्या वेळानं सूचना होते: बेवारस वस्तूला हात लावू नका, दिसल्यास पोलिसांना कळवा. आता त्याच स्टेशनच्या बाकावर तळहातात मावेल एवढी, हातानं चित्रं काढलेली आठ पानांची पुस्तिका पडली आहे. किंमत नाही, जाहिरात नाही, आजूबाजूला मालकही दिसत नाही. उचलायची की नाही?

जगभरातले अनेक हौशी चित्रकार हेच करतात. स्वतः काढलेल्या छोट्या कॉमिकच्या पाच-पन्नास प्रती काढायच्या, त्या बसमध्ये, बागेच्या बाकावर, ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवायच्या आणि निघून जायचं. ज्याला सापडेल त्याची. या पुस्तिकांना 'मिनी-कॉमिक' किंवा 'झीन' म्हणतात. लाइक नाही, व्ह्यूज नाहीत. कुणी वाचलं की झाडूबरोबर गेलं, हेही बहुतेक वेळा कळत नाही. रीलचा आकडा दर पाच मिनिटांनी तपासणाऱ्यांना हा प्रकार वेडेपणाचा वाटेल. पण यात एक नेमका प्रश्न सोडवायचा असतो: ज्यानं काहीच मागितलेलं नाही, अशा अनोळखी माणसाला दोन-तीन सेकंदांत 'हे तुझ्यासाठी आहे' हे कसं कळवायचं?

भारतात असं कुणी केलंय का?

सर्वांत जवळचं उदाहरण आहे 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' या संस्थेचं. व्यंगचित्रकार शरद शर्मा यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हे काम सुरू केलं. फिनलंडचे चित्रकार लेफ पॅकालेन यांच्यासोबत त्यांनी २००७ मध्ये 'ग्रासरूट्स कॉमिक्स' नावाचं पुस्तकही लिहिलं. कल्पना साधी आहे. कॉमिक चित्रकारानं काढायचं नाही. ज्याचा प्रश्न आहे त्यानंच काढायचं. कार्यकर्ते, शाळेतली मुलं, गावातल्या बाया, 'आम्हाला चित्र येत नाही' म्हणणारे सगळे.

त्यांचं 'वॉलपोस्टर कॉमिक' म्हणजे दोन ए-फोर कागद जोडून केलेलं पोस्टर, आणि त्यात चार चौकटी. पहिलीत माणसं आणि अडचण, दुसरीत ती वाढते, तिसरीत वळण, चौथीत शेवट. काळ्या शाईत काढायचं, झेरॉक्स मारायची आणि चहाच्या टपरीवर, बसथांब्यावर, शाळेच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावायचं. राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यात मुलींच्या हक्कांसाठी अशी मोहीम झाली. घरात उघड बोलता न येणारी गोष्ट चौकटीतल्या पात्राच्या तोंडी घालता येते, आणि वाचणारा ती आपल्या सवडीनं, कुणी समोर उभं नसताना वाचतो.

पोस्टर भिंतीवर राहतं, पुस्तिका मात्र हातात येते आणि खिशात बसून घरी जाते. ठेवून देण्याचा हा दुसरा प्रकार भारतात लोकांना माहीत झाला तो पुस्तकांमुळे. लंडनच्या भुयारी रेल्वेत पुस्तकं ठेवणारा उपक्रम २०१२ पासून चालतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये अभिनेत्री एमा वॉटसननं तिथं माया अँजेलू यांच्या पुस्तकाच्या सुमारे शंभर प्रती लपवल्या आणि त्याची जगभर बातमी झाली. २०१७ मध्ये दिल्ली मेट्रोतही अशीच पुस्तकं ठेवायला सुरुवात झाली. या पुस्तकांवर एक स्टिकर असतो: घ्या, वाचा, पुन्हा ठेवा. सगळा खेळ त्या स्टिकरवर आहे. तो नसेल तर पुस्तक 'कुणाचं तरी हरवलेलं' ठरतं आणि सभ्य माणूस त्याला हात लावत नाही.

मराठीत या वृत्तीला आणखी जुनं घर आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हातानं लिहायचे. छापखाना नाही, वर्गणी नाही. मुलांनी येऊन वाचायचं, बस्स. शाळा-कॉलेजांतली हस्तलिखितं आणि भित्तिपत्रकं याच जातीची. फरक इतकाच की तिथं वाचणारे ओळखीचे होते.

मुदखेडसारख्या ठिकाणी हे का जमेल?

कारण मुदखेड जंक्शन आहे. मनमाड–सिकंदराबाद मार्गाला आदिलाबादचा फाटा इथं फुटतो. मुंबईहून आलेली देवगिरी इथून उमरी, धर्माबाद करत निजामाबादकडे जाते. नंदीग्राम भोकर, हिमायतनगर, किनवटकडे वळते. म्हणजे बाकावर बसलेल्या दहा जणांची वाचायची भाषा एकच असेल असं नाही. मराठी, तेलुगू, दखनी उर्दू, बंजारा बोली. किनवटकडून येणाऱ्यांत गोंडी बोलणारेही. अशा फलाटावर मजकुरानं भरलेलं पत्रक चारातल्या एकालाच कळेल. शब्द कमी आणि चित्रं जास्त असलेली पुस्तिका तीन जणांना तरी कळेल. जंक्शनवर लोकांकडे वाट बघण्याचा वेळ असतो, ही जमेची बाजू वेगळीच.

विषय दूर शोधायला नको. फुलशेतीच्या या तालुक्यात पहाटे तोडलेलं फूल बाजारात पोचेपर्यंत त्याचं काय होतं, एवढी एक गोष्ट आठ पानांना पुरते. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मागं राहिलेलं पोर, पाण्याच्या टँकरची रांग, किंवा नुसता स्टेशनवरचा कुत्रा. कुत्र्याची गोष्ट बहुधा सर्वांत जास्त वाचली जाईल.

आठ पानं एका कागदात कशी बसतात?

एक ए-फोर कागद म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. त्याचे आठ सारखे भाग केले की प्रत्येक पान साधारण ७४ बाय १०५ मिलिमीटरचं होतं, म्हणजे शर्टाच्या खिशाएवढं. छपाई एकाच बाजूला, कात्रीचा छेद एकच, पिन किंवा डिंक लागतच नाही.

कागद आडवा धरा. वर चार, खाली चार अशा आठ घड्या पाडा. मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन रकान्यांपुरता छेद द्या. दोन्ही टोकं सांधलेली राहू द्या. आता खालच्या ओळीत डावीकडून पान ६, ७, ८ आणि १ येतात. वरच्या ओळीत डावीकडून ५, ४, ३, २, आणि ही चारही पानं उलटी काढायची, डोकं खाली. इथं बहुतेकांचा पहिला कागद वाया जातो, म्हणून आधी कोऱ्या कागदावर नुसते आकडे टाकून घडी घालून बघा. कागद आडव्या घडीवर लांबट दुमडला, छापलेली बाजू बाहेर ठेवून दोन्ही टोकं आत ढकलली की मधला छेद उघडतो, अधिकच्या चिन्हासारखा आकार होतो आणि तो गुंडाळला की पुस्तिका तयार.

काही गोष्टी झेरॉक्सवाला सांगत नाही. मशीन कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही, त्यामुळे चारही बाजूंना अर्धा सेंटीमीटर रिकामा ठेवा. फिकट पेन्सिल उमटत नाही. काळं जेल पेन किंवा बारीक मार्कर वापरा. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतो, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. एका पानावर वीस शब्द पुष्कळ झाले. आधी अक्षरं लिहा, मग त्याभोवती फुगा काढा. उलटं केलं तर शेवटचा शब्द फुग्याबाहेर लटकतो. झेरॉक्सचं पान दोन-तीन रुपयांना धरलं तर पन्नास प्रतींचा खर्च शंभर-दीडशे रुपये.

छापण्याआधी गोष्ट माहीत नसलेल्या दोन माणसांना ती दाखवा आणि गप्प बसा. समजावून सांगायचा मोह झाला, की समजा ते पान पुन्हा काढायचं आहे.

ठेवायचं कुठं, कुठं नाही?

सुरुवातीच्या सूचनेकडे परत येऊ. बॅग, डबा, बंद पाकीट, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीही स्टेशनवर सोडून जाऊ नका. पोलिसांनी त्यावर संशय घेणं बरोबरच आहे. एकच पातळ पुस्तिका, उघडी, मुखपृष्ठ वर, आणि त्यावर ठळक 'ही तुमच्यासाठी आहे, घेऊन जा'. फलाटावर ठेवायच्या आधी स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांना विचारलेलं बरं. त्यापेक्षाही सोपी जागा म्हणजे जिथं मालकाला विचारता येतं: केशकर्तनालयातला पेपरांचा गठ्ठा, सार्वजनिक वाचनालय, चहाचं हॉटेल, दवाखान्यातली बसायची जागा. एका ठिकाणी एकच ठेवा. दहा ठेवल्या की ती जाहिरात वाटते आणि शेवटी सफाई कर्मचाऱ्याच्या माथी बसते.

चिकटवणं हा वेगळा मामला आहे. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा आहे. परवानगीशिवाय भिंतीवर, खांबावर काही लावणं त्यात येतं. वॉलपोस्टर करायचं असेल तर आधी भिंतीच्या मालकाला विचारा.

नोंदणी लागते का? एकदाच काढलेल्या गोष्टीच्या पुस्तिकेला नाही. १८६७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला नियतकालिकांचा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. तो ठरावीक काळानं निघणाऱ्या, बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य असलेल्या प्रकाशनांसाठी आहे, पुस्तकं त्याच्या बाहेर आहेत. मात्र निवडणुकीत जपून. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ नुसार निवडणूक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. हातानं नक्कल करणं सोडून प्रती काढण्याची कुठलीही पद्धत तिथं 'छपाई' धरली जाते. म्हणजे उमेदवारावरचं झेरॉक्स कॉमिकही त्यात येतं.

गावातल्या खऱ्या माणसावर गोष्ट असेल तर नाव, घर, गाडीचा नंबर काहीच ओळखू येऊ देऊ नका. छोट्या गावात फक्त मिशीवरूनही माणूस ओळखतात. मुलांनी काढलेल्या कॉमिकवर मुलाचं पूर्ण नाव, शाळा, मोबाईल नंबर टाकू नये.

आणि ज्याला सापडतं, त्याचं काय? अमेरिकेत जॅक चिक यांची खिशाएवढी धर्मप्रचारक कॉमिक्स १९६० च्या दशकापासून बसच्या सीटवर, टेलिफोन बूथमध्ये लोक ठेवून जायचे. ती हातानं केलेली नव्हती, छापलेली होती, आणि दुसऱ्यांच्या श्रद्धांवर त्यातून जी टीका व्हायची त्यामुळे अनेकांना ती हातात धरवत नसत. तंत्र तेच, आकारही जवळपास तोच. पण उचलणाऱ्याला आपल्याला काहीतरी दिलंय असं वाटतं की आपल्याला पकडलंय असं, हे पहिल्या दोन पानांत ठरतं.

शेवटची सूचना झेरॉक्सच्या दुकानातली. मूळ कागद कधी वाटून टाकू नका. तो घडी न घालता वहीत जपून ठेवा. घडी पडली की तिची काळी रेघ प्रत्येक प्रतीवर उमटते, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की तिसऱ्या खेपेला पात्रांचे डोळे जातात.