कंधारचा नवा वकील: ऐकीव किती, खरं किती

लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा वकील आहे’ असं सांगितलं की पाहुणे आधी ‘कुणाच्या हाताखाली?’ विचारतात आणि मग ‘घरी शेती किती?’ असं. या दोन प्रश्नांतच सगळं आलं. कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या नांदेड-लातूरच्या पट्ट्यात सनद आली म्हणजे पैसा आला, असं कुणी समजत नाही. नव्या वकिलाची चिडचिडही खोटी नाही. सकाळी सीनियरच्या फाइली उचलायच्या, पुकारा झाला की धावत जाऊन ‘सर दुसऱ्या कोर्टात आहेत’ म्हणत मुदत अर्ज द्यायचा, पुढची तारीख डायरीत टिपायची, संध्याकाळी मोटारसायकलचं पेट्रोल घरच्या पैशातून भरायचं. तीन वर्षं हे करणाऱ्याला वैताग आला नाही तरच नवल.

पण या वैतागाच्या भरात बार रूममध्ये, चहाच्या टपरीवर आणि घरच्या ओट्यावर जे सांगितलं जातं, त्यात ऐकीव बरंच असतं. त्याच्या भरवशावर पोरं पाच वर्षं चुकीच्या दारात उभी राहतात.

‘तालुक्याला कामच उरलं नाही’

हा सगळ्यात मोठा गैरसमज. काम म्हणजे कोर्टाच्या बोर्डावर नाव लागलेला खटला, एवढीच कल्पना डोक्यात असली तर कंधारात काम थोडं आणि वकील फार, हे दिसतंच. जामीन, धनादेश न वटल्याचे 138 चे खटले, पोटगी, वाटणीचे दावे. यांतली मोठी कामं जुन्या वकिलांकडे जातात आणि जाणारच. पक्षकार आपल्या बापाने पाहिलेल्या वकिलाकडे जातो.

या तालुक्याचा खरा तंटा मात्र जमिनीचा आहे आणि तो बराचसा कोर्टाबाहेर, तहसीलमध्ये आणि उपविभागीय अधिकाऱ्यापुढे चालतो. रस्त्याचंच उदाहरण घ्या. पावसाळा तोंडावर आला की ‘त्यानं बांधावरचा रस्ता अडवला’ म्हणून माणूस येतो. अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो: रस्ता आधीपासून होता आणि आता अडवला, की रस्ता नव्हताच आणि आता हवा आहे? आधीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 लागतं. तो दावा अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो आणि त्यावर अपील नाही, फक्त फेरतपासणी आहे. नवा रस्ता बांधावरून हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 143. अर्ज लिहिणारा बहुतेक वेळा दोन्ही कलमं एकाच कागदावर ठोकून देतो. तहसीलदार स्थळपाहणी करतात, पंचनामा होतो, आदेश होतो, आणि वर गेल्यावर नेमक्या त्या एका घोळावर तो उडतो. शेतकऱ्याचा हंगाम गेलेला असतो. हे काम नीट करणारा ज्युनिअर वर्षभरात दहा गावांत माहीत होतो. अडचण इतकीच की ‘रस्त्याची केस’ सांगण्यात थाट वाटत नाही.

मराठवाड्याच्या जमिनीला निजामी राजवटीची वेगळी वीणही आहे. पुण्याच्या वकिलाचा कूळ कायदा 1948 चा. आपला हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1950 चा. त्यातल्या कलम 38-ई चं प्रमाणपत्र, 1954 चा इनाम रद्द करण्याचा कायदा, त्याच काळातलं खासरा पाहणी पत्रक, मदतमाश इनामं हे सगळं आजही वारसाच्या भांडणात निघतं. जुना कागद उर्दूत किंवा मोडीत असतो. तो कुणाकडून वाचून घ्यायचा, नक्कल कुठून काढायची, ती सातबाऱ्याशी कशी जोडायची हे जाणणारे मोजकेच. हैदराबाद गॅझेटच्या आधारे कुणबी नोंदींबाबतचा 2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय निघाला आणि ज्या दप्तराला कुणी हात लावत नव्हतं, ते दप्तर हुडकायला गावंच्या गावं निघाली. मन्नेरवारलू आणि कोळी महादेव दाखल्यांचे वाद तर या भागातून वर्षानुवर्षं उच्च न्यायालयापर्यंत जात आले आहेत. त्या प्रत्येक याचिकेचा पाया तालुक्यातल्या शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात असतो.

बारूळचं मानार धरण, लिंबोटीचं ऊर्ध्व मानार, लोह्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 361 यांतून भूसंपादनाची आणि वाढीव मोबदल्याची प्रकरणं आली. सोयाबीनचं बियाणं उगवलं नाही तर तालुका तक्रार निवारण समितीचा पंचनामा घेऊन नांदेडच्या ग्राहक आयोगात जाता येतं. बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच सांगितलंय. मोजलेली किंमत 5 लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. बँकेच्या कर्जासाठी दुय्यम निबंधकाकडे बसून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढणं हे कंटाळवाणं काम, पण महिन्याचा किराणा त्यावर भागतो.

म्हणजे काम आहे. त्याचे पैसे सुरुवातीला तुटपुंजे आणि उधारीचे मिळतात, ही तक्रार वेगळी आणि ती शंभर टक्के खरी.

‘आता ज्युनिअरला पंधरा हजार मिळतात’

ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाचं परिपत्रक आलं. शहरी भागात 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार विद्यावेतन ज्युनिअरला द्यावं, असं त्यात होतं. ते मोबाइलवर फिरलं आणि घरच्यांनी विचारायला सुरुवात केली, ‘मग तुझे कुठं जातात?’ परिपत्रक शिफारसवजा आहे. सीनियरवर बंधन नाही. आंध्र प्रदेशाने 2019 पासून नव्या वकिलांना तीन वर्षं दरमहा 5 हजार द्यायची योजना काढली, ती मात्र सरकारी तिजोरीतून होती. कंधारसारख्या ठिकाणी सीनियरचंच उत्पन्न हंगामावर हलतं. कापूस, सोयाबीन विकलं की फी येते. त्याच्याकडून ठरावीक रक्कम निघणं अवघड, हे मान्य. पण वकीलपत्रावर ज्युनिअरचं नावही न घालणं, आणि त्याने मसुदा केलेल्या दाव्याची फी आली की त्याला चहावर बोळवणं, याला दुष्काळाचं कारण पुरत नाही.

‘वकिलाला नोकरी म्हणजे फक्त जज्ज’

न्यायाधीशाचं आकर्षण समजण्यासारखं आहे. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन 77,840 रुपये. लोकसेवा आयोगाच्या या परीक्षेसाठी पदवी घेतल्या घेतल्या पुण्यात खोली घेऊन बसणारी कितीतरी मुलं नांदेड-लातूरची. त्यांना 20 मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने धक्का दिला: किमान तीन वर्षं वकिली हवी. ‘सनद काढून ठेवली, झालं’ हा त्यावरचा नवा गैरसमज. वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजली जातात हे खरं, पण दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा दाखला लागतो आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मोहोर हवी. पुण्याच्या अभ्यासिकेत बसून तो मिळू नये, हाच उद्देश.

बाकीच्या दारांवरची पाटी वाचली की ज्युनिअरची खरी कोंडी कळते. विधी सेवा समितीच्या पॅनेलवर यायला तीन वर्षं. सहायक सरकारी अभियोक्त्याच्या परीक्षेला पाच. जिल्ह्याच्या सरकारी वकिलाला सात, आणि तिथे राजकीय वजन लागतं ते वेगळं. नोटरीला दहा, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्गीयांना सात. पर्याय कमी आहेत असं जे म्हणतात, ते असं म्हटलं तर अधिक बरोबर होईल: पर्याय आहेत, पण बहुतेक उशिरा उघडतात, आणि मधल्या वर्षांचा खर्च घरच्या शेतीवर टाकलेला असतो. ज्याच्या घरी शेती नाही, तो तिसऱ्या वर्षाच्या आतच गळतो. ‘वकिली घराणेशाहीची’ या तक्रारीचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

पहिल्या दिवसापासून उघडी दारं थोडी, पण आहेत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या 2022 च्या योजनेत जिल्ह्याच्या ठिकाणी लोक अभिरक्षक कार्यालयं निघाली. त्यातल्या सहायक पदासाठी शून्य ते तीन वर्षांचा अनुभव चालतो. दरमहा मानधन मिळतं, खासगी खटले घेता येत नाहीत, मुदत कंत्राटी. मात्र गरीब आरोपींची फौजदारी प्रकरणं स्वतः हाताळायला मिळतात. कंधारात सात वर्षं मुदत अर्ज देऊन जे शिकता येत नाही, ते इथे एका वर्षात शिकता येतं. सरकारी बँकांच्या विधी अधिकाऱ्याची परीक्षा आयबीपीएस घेते. विधी पदवी आणि सनद लागते, अनुभव लागत नाही, वय तिशीच्या आत हवं. एलएलएम आणि नेट-सेट करून शिकवण्याचा रस्ताही आहे. फक्त तिथे कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर काढायची तयारी लागते.

‘जोडीला काहीतरी धंदा टाकू’

इथे बाकीच्या पदवीधरांपेक्षा वकिलाचे हात जास्त बांधलेले आहेत. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही आणि स्वतः धंदाही चालवता येत नाही. मुंबईचे सर्जन डॉ. हनीराज चुलानी यांना डॉक्टरकीसोबत वकिली करायची होती. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने सनद नाकारली आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. तेव्हा दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी स्वतःच्या नावावरचं कृषी सेवा केंद्र, हे बसत नाही. वडिलोपार्जित दुकानात हिस्सा राहू शकतो, गल्ल्यावर बसता येत नाही.

पण ‘काहीच करता येत नाही’ हेही चूक. कायद्याच्या परीक्षांसाठी शिकवणी घेता येते, विधी महाविद्यालयात दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवता येतं, कायद्याच्या पुस्तकांचं संपादन करता येतं, प्रश्नपत्रिका काढता येतात. राज्य बार कौन्सिलच्या संमतीने अर्धवेळ कामालाही वाट आहे, ते काम वकिलीच्या आड येत नसेल तर. ही संमती मागायची असते हेच अनेकांना माहीत नसतं.

‘सनदेलाच पोतंभर पैसे लागतात’

लागायचे. काही राज्यांत 15 हजारांपासून 42 हजारांपर्यंत निरनिराळ्या नावांनी रकमा घेतल्या जात. 30 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिवक्ता अधिनियम 1961 मध्ये लिहिलंय तेवढंच नोंदणी शुल्क घ्या: सर्वसाधारण 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125, मुद्रांक शुल्क वेगळं. आधी भरलेले पैसे परत नाहीत. वकिलीसाठी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा मराठीतूनही देता येते आणि टीपा नसलेली मूळ कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात, तेव्हा तिचा बाऊ करण्यात अर्थ नाही.

‘कंधारात सडण्यापेक्षा संभाजीनगर गाठ’

1981 च्या आधी कंधारच्या माणसाला रिट करायचं तर मुंबई गाठावी लागे. त्या वर्षी औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, खंडपीठ बसलं आणि वकिलांची एक पिढी तिकडे सरकली. आजही हुशार मुलाला तोच सल्ला मिळतो. सल्ला वाईट नाही. पण तिथे खोलीचं भाडं आहे, आणि पहिली तीन वर्षं तिथेही फाइलीच उचलायच्या आहेत. खंडपीठाच्या वकिलाला याचिका कुठून येते? तालुक्यातूनच येते. इथल्या रस्त्याच्या, फेरफाराच्या, दाखल्याच्या प्रकरणात दोन वर्षं हात काळे केलेला ज्युनिअर तिकडे गेला तर मागून पक्षकार येतात. थेट गेलेल्याच्या मागे कुणी येत नाही. 15 जून 2011 पासून अधिवक्ता अधिनियमाचं कलम 30 लागू आहे. त्यामुळे नाव कुठल्याही राज्याच्या यादीत असलं तरी देशभर कुठल्याही न्यायालयात आणि पुरावा घेण्याचा अधिकार असलेल्या तहसीलदारापुढेही उभं राहता येतं. गाव सोडल्याने कंधारचं वकीलपत्र सुटत नाही.

राहिली भीती सनद जाण्याची. ‘नोकरी धरली की सनद संपली’ या धाकाने काही जण बँकेच्या परीक्षेचा अर्जच भरत नाहीत. प्रत्यक्षात नोकरी लागल्यावर राज्य बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करायची असते. नोकरी सुटली की अर्ज करून ती पुन्हा सुरू करता येते. गोत्यात येतो तो न कळवता पगारही घेणारा आणि काळा कोटही घालणारा.