बत्तीस घरं आणि रोजची एक ओळ

किपलिंग विल्यम्स हा सामाजिक मानसशास्त्रज्ञ एकदा कुत्र्याला घेऊन बागेत बसला होता. कुठूनशी एक फ्रिस्बी त्याच्याजवळ येऊन पडली. त्याने ती खेळणाऱ्या दोघांकडे फेकली, त्यांनी ती पुन्हा त्याच्याकडे टाकली आणि न बोलताच तिघांचा डाव रंगला. मग अचानक, काही न सांगता, त्या दोघांनी त्याच्याकडे फ्रिस्बी टाकणं थांबवलं. ना ओळख, ना पाळख, तरी ते त्याला चांगलंच लागलं. का लागावं? या प्रश्नाचा पाठपुरावा करत त्याने पुढे 'सायबरबॉल' नावाचा संगणकावरचा खेळ तयार केला. पडद्यावर तिघं चेंडू झेलतात, त्यातले एक तुम्ही. थोड्या वेळाने बाकीचे दोघं तुम्हाला चेंडू देईनासे होतात. खेळ एवढाच.

आणि एवढ्यानेही माणूस दुखावतो. २००३ मध्ये नाओमी आयझनबर्गर, मॅथ्यू लीबरमन आणि विल्यम्स यांनी हा खेळ लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये खेळायला लावला. शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेला मेंदूचा एक भाग चेंडू न मिळाल्यावरही सक्रिय झालेला दिसला. पुढच्या अभ्यासांनी दोन्ही वेदनांचे मेंदूतले ठसे वेगळे ओळखता येतात असंही दाखवलं, त्यामुळे मन मोडणं आणि हाड मोडणं एकच असं म्हणायचं कारण नाही. पण थक्क करणारी गोष्ट पुढची आहे. 'समोर माणसं नाहीत, नुसता प्रोग्रॅम आहे' असं आधी सांगितलं तरी लोकांना लागतं. 'समोरचे खेळाडू कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचे आहेत' असं सांगितलं, म्हणजे ज्यांची आपल्याला घृणा आहे अशांनी चेंडू दिला नाही, तरीही लागतं! वगळलं जाण्याची जाणीव आपल्या विचारांची वाट पाहतच नाही.

पडद्यावरच्या चित्रांनी ही अवस्था होते, तर जिथे आपला बाप्तिस्मा झाला, जिथल्या क्वायरमध्ये आपण गायलो, जिथल्या प्रार्थनासभेत डोळे मिटून मनातलं सगळं बोललो, त्या मंडळीने पाठ फिरवली तर काय होत असेल? चर्चमधली जखम खोल जाते त्याला कारण आहे. तिथे माणूस चिलखत उतरवून बसतो. घरातलं दुखणं विश्वासाने सांगतो आणि पुढच्या आठवड्यात तेच 'प्रार्थनेचा विषय' म्हणून गावभर झालेलं असतं. मग घंटेचा आवाज, ठरावीक गीत, पवित्र शास्त्राचं उघडलेलं पान, सगळ्याला त्या दिवसाची कळ चिकटते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर दूध आणि ताक एकाच भांड्यात असतं.

अशा माणसाला दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं, 'चर्चला का येत नाहीस?' दुसरं, 'माफ कर आणि ये.' दोन्हींत एक गफलत आहे. क्षमा एकट्याने, दार लावून, समोरच्याला न कळवताही करता येते. विश्वास एकट्याने टाकता येत नाही. समोरच्याचं वागणं पुन:पुन्हा पाहिल्याशिवाय तो बसत नाही. मग मोडलेला विश्वास पुन्हा बसतो तरी कसा? तीनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका खेड्यात हे घडलं, आणि कसं घडलं त्याच्या तारीखवार नोंदी शिल्लक आहेत.

खेड्याचं नाव हेर्नहुट. सॅक्सनीच्या पूर्व टोकाला, काउंट त्सिन्त्सेनडोर्फ या तरुण सरदाराच्या जमिनीवर ते वसलं. मोरावियात धर्मछळ सोसून आलेल्या निर्वासितांसाठी क्रिस्टियान डाविड नावाच्या सुताराने १७ जून १७२२ रोजी तिथलं पहिलं झाड तोडलं आणि घरं उभी राहू लागली. श्रद्धेसाठी घरदार सोडून आलेली माणसं एकत्र आली म्हणजे स्वर्गच अवतरायला हवा होता. पाच वर्षांत ती एकमेकांची तोंडं पाहीनाशी झाली. लूथरन उपासनेला जायचं की नाही, खरा विश्वासू कोण, यावरून तट पडले. आसरा देणाऱ्या काउंटलाच काहींनी बायबलमधल्या प्रकटीकरणातला पशू ठरवलं. आणि पहिलं झाड तोडणारा क्रिस्टियान डाविड? तोही दुरावला. गावाबाहेर एक छोटं घर बांधून तो तिथे राहायला गेला.

पुढे काउंटने जे केलं ते पाहण्यासारखं आहे. ड्रेस्डेनच्या दरबारातल्या नोकरीतून त्याने सुट्टी घेतली, हेर्नहुटमध्ये मुक्काम हलवला आणि घरोघरी जाऊन बसू लागला. दुखावलेल्यांना त्याने सभेला बोलावलं नाही, तो त्यांच्या चुलीपाशी गेला. मग १२ मे १७२७ रोजी गावाने नियम मान्य केले: एकत्र कसं राहायचं, भांडण झालं तर काय करायचं, कोणाला जबाबदार धरायचं. भावना उचंबळण्याआधी कलमं आली. ज्याला एकदा फसल्यासारखं वाटलेलं असतं, त्याला गोड शब्दांपेक्षा लिहून ठेवलेली मर्यादा जास्त धीर देते. गावाच्या कारभारासाठी वडीलधारे निवडले गेले आणि त्यांत गावाबाहेर राहायला गेलेला तो सुतारही होता.

उन्हाळ्यात छोटे गट सुरू झाले. तीन-चार जणांचे, ज्यांचं एकमेकांशी जुळतं अशांचे. बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. आपलं काय चाललंय ते इथे मोकळेपणाने बोलायचं आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायची. सगळ्या गावावर एकदम विश्वास टाका, असं कोणी कोणाला म्हणालं नाही. तिघांवर टाकला तरी पुरे होतं. १३ ऑगस्टला शेजारच्या बर्थेल्सडोर्फच्या चर्चमध्ये सगळे प्रभुभोजनाला जमले आणि तिथे मनं अशी विरघळली, की मोरावियन मंडळी तो दिवस आजही पाळते. लोकांना तेवढा एकच दिवस आठवतो. त्याच्या मागचे घरोघरच्या भेटींचे, करारांचे आणि छोट्या गटांचे महिने विसरले जातात. त्याच महिनाअखेरीस तासातासाने वाटून घेतलेली अखंड प्रार्थना सुरू झाली आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ चालली.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढच्या वर्षीची प्रथा. ३ मे १७२८ च्या संध्याकाळी, गाण्याच्या बैठकीत, काउंटने दुसऱ्या दिवसासाठी एक छोटं वचन दिलं. सकाळी ते गावातल्या बत्तीसही घरांत पोहोचवलं गेलं. मग रोजच तसं होऊ लागलं. यात काय दडलंय ते जरा जवळून पाहा. रोज सकाळी कोणीतरी दारात येतो. हातात उपदेश नाही, चौकशीचा तगादा नाही, एकच ओळ. ती भांडणात जिंकलेल्याला तीच आणि हरलेल्याला तीच. तुमच्याशी अबोला धरलेल्या घरातही आज तेच वाक्य गेलेलं असतं. सायबरबॉलच्या भाषेत सांगायचं तर चेंडू रोज, न चुकता, प्रत्येकाकडे येतो. तुम्ही परत फेकलात तर उत्तम, नाही फेकलात तरी उद्या पुन्हा येणार.

ही ओळ १७३१ पासून पुस्तकरूपाने छापली जाऊ लागली. आजही हेर्नहुटमध्ये वर्षभराची वचनं चिठ्ठी काढून ठरतात आणि पन्नासांहून अधिक भाषांत ती वाचली जातात. हिटलरविरोधी पाद्री डीट्रिख बोनहोफर याच्याही रोजच्या वाचनात ते पुस्तक होतं. फिंकनवाल्डे इथलं त्याचं पाद्र्यांचं विद्यालय गेस्टापोने १९३७ मध्ये बंद पाडलं. तिथल्या सहजीवनावर त्याने १९३८ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, आणि त्यातला एक विचार दुखावलेल्यांसाठी फार मोलाचा आहे: आदर्श मंडळीचं स्वप्नच खऱ्या मंडळीचा घात करतं. स्वप्नभंग झाला की संगत संपली असं आपण धरून चालतो. त्याच्या मते खरी संगत तिथून सुरू होऊ शकते.

हेर्नहुटमधली गाण्याची बैठकही उगाच नव्हती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आयलुनेड पीअर्स, जॅक लॉने आणि रॉबिन डनबर यांनी प्रौढांच्या गायनाच्या वर्गांची तुलना हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांशी केली. सात महिन्यांनंतर सगळ्याच वर्गांत जवळीक सारखी झाली होती, पण गाणाऱ्यांमध्ये ती सुरुवातीलाच, झपाट्याने आली. म्हणजे गाणं मैत्री जास्त घट्ट करत नाही, पहिला अवघडलेपणा लवकर मोडतं. बोलायला शब्द सुचत नसतात, तेव्हा दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवता येतो आणि त्यासाठी काही कबूल करावं लागत नाही. कॅथलिक मिस्सेतला शांतीची देवाणघेवाण करण्याचा क्षणही असाच. भारतात अनेक ठिकाणी त्या वेळी हात जोडून शेजाऱ्याला नमस्कार करतात. शेजारी कोण बसलाय ते आपण निवडलेलं नसतं. दोन सेकंदांचं काम, पण वर्षानुवर्षं दर रविवारी.

या साधनांना दुसरी धारही आहे. छोट्या गटातला मोकळेपणा हाताळणारा चुकीचा असेल तर तो पाळतीत बदलतो. जिथे अत्याचार झाला आणि तो झाकला गेला, तिथे परत जाण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे आधी पोलिसांची पायरी चढायला हवी. परतणं म्हणजे त्याच बाकावर परतणं, असंही नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या घरचं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच पुढे श्रद्धेच्या सिद्धान्तांवरून आणि चर्चच्या आज्ञेवरून खटके उडाले. त्यांच्यापैकी सिस्टर जेराल्डीनला लिहिलेल्या पत्रांत रमाबाईंचा सात्त्विक संताप आजही धगधगतो. सद्सद्विवेक दुसऱ्याच्या स्वाधीन करायला त्यांनी साफ नकार दिला. पण पत्रं थांबली नाहीत आणि ख्रिस्ताशी नातंही तुटलं नाही. केडगावला त्यांची 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली, ती त्यांच्या स्वतःच्या अटींवरची संगत होती.

हेर्नहुट आणि केडगाव एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर, तरी दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. दुखावलेल्या माणसाच्या इच्छाशक्तीवर सगळं सोडलं तर फार काही घडत नाही. त्याला जवळ येण्याचं अंतर स्वतः ठरवता यावं लागतं, आणि दुसऱ्या बाजूने कोणीतरी न कंटाळता येत राहावं लागतं. पहिलं पाऊल काउंटने टाकलं होतं, कारण घर, जमीन आणि अधिकार त्याच्याकडे होते. 'चर्चला का येत नाहीस?' हा प्रश्न म्हणूनच उलटा विचारून पाहावा: गेल्या वर्षभरात आपल्यापैकी कोण त्याच्या दारात, काही न मागता, किती वेळा गेलं?

क्रिस्टियान डाविडचं पुढे काय झालं? १७३३ मध्ये दोन मोरावियन सोबत्यांना घेऊन तो ग्रीनलंडला गेला आणि तिथल्या बर्फात, अनोळखी लोकांमध्ये, त्याने पुन्हा घरं बांधायला सुरुवात केली.